कालीबाईने सोडलेले दोरे

कालीबाई खांडबाऱ्याला डॉक्टरांच्या शेळ्या राखायची. लष्करातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी स्टेशनापलीकडे स्वतःचा दवाखाना काढला होता. मागच्या पडवीत शेळ्या होत्या, पण दुधासाठी नव्हे. भूल देऊन ते शेळीच्या पुढच्या पायातलं थोडं हाड काढीत. निम्म्यांच्या त्या खाचेत म्हशीच्या हाडाचा उकळून तासलेला तुकडा बसवीत, निम्म्यांची खाच तशीच ठेवून वरून शिवीत. तुकडा घातलेल्या शेळीच्या गळ्यात तांबडा दोरा असे. एरवी सगळ्या सारख्याच लंगडत.

हा उद्योग गावात कोणाला कळत नव्हता. कालीबाईला कळे, कारण तिच्या मुलाच्या, गोवालच्या नडगीतलंही हाड असंच गेलं होतं. लाकडाच्या गाडीखाली पाय सापडला, जखम पिकली, हाडाचे तुकडे निघून आले. जखम भरली, पण आत पोकळी राहिली. पाय टेकला की नडगी मधेच वाकायची. डॉक्टर म्हणाले होते, "तुकड्याने शेळ्यांचं हाड सांधलं, तर गोवालच्याही पायात घालू. त्याआधी नाही."

घरी सून होती, फुली. तिचे माहेरचे दोनदा न्यायला येऊन गेले होते. दुसऱ्या खेपेनंतर भाकरी थापताना ती म्हणाली, "आई, तुमच्या शेळ्या कधी बऱ्या होणार ते सांगा. म्हणजे मी इथे किती दिवस ते मलाही कळेल."

"शेळीला घाई करता येते का?"

"मला येते."

सून वाईट नव्हती. विशीतली पोर, रोज नवऱ्याला बखोटीला धरून परसाकडे नेत होती.

दिवाळीनंतर शेळ्या कापून हाडं बघायचं ठरलं. कालीबाईच्या पाड्यावर देवाला बोललेल्या बोकडाच्या गळ्यात तांबडा दोरा बांधत. देवापुढे दारूची धार धरल्याशिवाय त्याच्यावर कोणी हत्यार चालवलं, तर देव घरातल्या दुखणाईताला धरतो, असं सगळे मानत. सकाळी तिने शेळ्या बाहेर काढल्या आणि एकेकीचा दोरा सोडून चुलीत टाकला. डॉक्टरांना हाडं हवीत, दोऱ्याशी त्यांना काय करायचंय, असं तिला वाटलं. खाटीक बाहेरचा, त्याला दोऱ्याचं ठाऊक नव्हतं.

दुपारी डॉक्टर रोगी आटोपून आले. टेबलावर पाय खुरासकट मांडलेले होते, हाडं उघडी केलेली. काही सांधली होती, काही नव्हती. घातलेला तुकडा आत विरून गेलेला, त्यामुळे तो कशात होता ते नुसतं बघून कळत नव्हतं.

"यांतली दोऱ्याची कोणती?" त्यांनी विचारलं.

कंपाउंडर पितांबरने कालीबाईकडे पाहिलं. तिने चुलीचं सांगितलं.

"तुन्हा देव दोरा देखस, माणूस नही देखस का वं?" पितांबर म्हणाला.

"मी ओळखते, सायब," ती म्हणाली. तिने टेबलाजवळ येऊन बोट ठेवलं. "ही. ही पण. ही पांढऱ्या खुराची पण."

डॉक्टरांनी तिने दाखवलेले पाय बाजूला काढले. "कालीबाई, तू सांधलेली तेवढीच दाखवलीस."

"तीच दोऱ्याची होती."

"असतील. पण तू गोवालची आई आहेस. तुझ्या शब्दावर मी त्याचा पाय उघडला आणि आत सडला, तर मांडीपासून कापावा लागेल. पुन्हा शेळ्या आणू. पुन्हा बघू."

पुन्हा म्हणजे पुढची दिवाळी, हे तिने घरी सांगितलं. फुलीने ऐकून घेतलं. भावाबरोबर निघण्याआधी तिने नवऱ्याला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं. कालीबाई दारात आडवी उभी राहिली.

"जाऊ दे, आई," गोवाल आतून म्हणाला. "तिला धरून ठेवून माझा पाय टेकणार नाही."

कालीबाई बाजूला झाली.

नव्या शेळ्या आल्या, पण त्यांचा काळ भरण्याआधीच लढाई लागली. डॉक्टरांना पुन्हा बोलावणं आलं आणि दवाखान्याला कुलूप लागलं. झुंबरलाल शेठने पडवी घेऊन तिथे डिंकाची पोती रचली. कालीबाई तिथेच झाडलोट करू लागली. गोवालला सकाळी उठवून, परसाकडे नेऊन, दाराशी बसवून ती यायची. झाडताना कधीकधी थबकायची. पांढऱ्या खुराच्या शेळीच्या गळ्यात दोरा होता, हे आधी ती शपथेवर सांगायची. पुढे पुढे तिला खात्री राहिली नाही. आपण ती शेळी ओळखली होती, की टेबलावर हाड सांधलेलं दिसलं म्हणून बोट ठेवलं, हे तिला आठवेना.