मॅडमचा दुसरा डबा

खैरनार मॅडम गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी कणीक मळत होते. हात तसेच भरलेले ठेवून खुर्चीत बसले. महिना होत आला, पण अजून खरं वाटत नाही...

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या एका रक्तपेढीत मी मॅडमच्या हाताखाली कॉम्प्युटरवर होते. दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत शिबिरं व्हायची, रक्तदात्यांची नावं भराभर वाढायची आणि आमचा बिचारा सर्व्हर धापा टाकायचा. मेमरी वाढवायला आत जागा उरली नव्हती, डिस्क काठोकाठ भरलेली. एक रक्तगट शोधायला दिला की चहा पिऊन यावं! नव्या सर्व्हरचा विषय विश्वस्तांच्या बैठकीत लोळत पडलेला. मॅडम म्हणायच्या, "घर लहान म्हणून रडायचं नाही गं, आधी माळा आवरायचा." त्यांनी तोड काढली. अलीकडे रक्त दिलेले दाते सर्व्हरवर ठेवायचे, जुने कॅसेटसारख्या टेपवर उतरवून मग अडगळीतल्या कॉम्प्युटरवर चढवायचे. नियम एकच : टेपवरची कुठलीही तीन नावं मोठ्याने वाचायची, मगच सर्व्हरवरून पुसायचं. आम्ही त्याला मॅडमची आरती म्हणायचो.

एके दिवशी घाईत मी आरती टाळली. टेप भरली आणि बेधडक पुसून मोकळी झाले. सर्व्हर काय पळायला लागला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतिणीला रक्तस्राव होत होता, ओ निगेटिव्ह हवं होतं. फ्रिजमधली शेवटची पिशवी सकाळीच गेली होती आणि चालू यादीतलं कुणी मिळेना. जुन्या दात्यांसाठी मी अडगळीतल्या कॉम्प्युटरला टेप लावली. कोरी!

मॅडमनी पर्समधून जेवणाच्या डब्याशेजारी रोज असायचा तो दुसरा डबा काढला. त्या डब्यातलं त्या कुणालाच देत नसत, म्हणून आत बेसनाचे लाडू असणार असं आम्ही चिडवायचो. आत रुमालात गुंडाळलेली टेप होती. सगळ्या यादीची आठवड्याच्या आठवड्याला स्वतः केलेली नक्कल.

अर्ध्या तासात नाव मिळालं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले फिटर. "अजून नाव हाय व्हय माझं तुमच्याकडं? आलोच!" म्हणाले, आणि खरंच आले. माय-लेकरू दोन्ही वाचली. मी रडायला लागले तशा मॅडम म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास होता गं माझा. टेपवर नव्हता."

इतकी हुशार आणि इतकी मायाळू बाई मी दुसरी पाहिली नाही.

परवा त्यांच्या मुलीने तो डबा मला आणून दिला. आत शेवटची टेप आहे. ती वाचणारं मशीन आता कुठे मिळायचं? पण टेपवरच्या चिठ्ठीत मॅडमनी तपासलेली तीन नावं त्यांच्याच अक्षरात आहेत. मी ती मोठ्याने वाचली. तिसरं त्यांचं स्वतःचं होतं.

नियमाप्रमाणे आता पुसायला हरकत नाही... मी डबा बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवला.