एका चुलीवर चार

हिराबाई कांबळे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि अकरा वर्षं मी त्यांच्यावर जळते आहे. सरळच सांगते, आता लपवून काय करायचंय! विश्रांतवाडीच्या आमच्या अख्ख्या इमारतीत त्यांच्याच दाराबाहेर चपलांचा ढीग. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. बाईंनी तीस वर्षं कचेरीत शिपायाची नोकरी केली, घर घेतलं, पोरं शिकवली, सगळं मान्य. पण म्हणून सगळ्यांनी त्यांच्याचजवळ राहायचं? माझा योगेश बाणेरला गेला. महिन्यातून एका रविवारी बायको-पोरीला घेऊन येतो, तोही घड्याळाकडे बघत.

मागच्या महिन्यात असा रविवार झाला आणि सोमवारी तनुजा नावाची मुलगी टॅब घेऊन आली. शहरात कोण कुणाबरोबर राहतं, याची कुठल्याशा संस्थेची पाहणी होती. तिने समजावलं, नुसतं छप्पर एक असून भागत नाही, एका चुलीवर जेवतात तेवढेच एक कुटुंब. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या हल्ली फार वाढल्यात, असंही वर ऐकवलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात समोरचं दार उघडून हिराबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यादेखत ‘एक’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

"चार," मी म्हणाले. मुलगा, सून आणि नात मैत्री कालच राहायला आलेत, आता कायमचे, असं ठणकावून सांगितलं. योगेशची गाडी हिराबाईंनी आदल्या दिवशी पाहिलीच होती.

मग तनुजा त्यांच्याकडे वळली. मी कान टवकारले. आता बाई तोऱ्यात आठ म्हणणार!

"एक," हिराबाई म्हणाल्या. थोरलीने बाल्कनीत वेगळा गॅस मांडलाय, धाकटीकडे डबा येतो, स्वयंपाकघर उरलंय ते त्यांच्या एकटीचं. हे सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नशीब काढलंत हो सुशीलाबाई. हेवा वाटतो तुमचा."

अकरा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तनुजाला मागे बोलावून खरं सांगावं, असं मनात आलं आणि गेलं. ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी बेल वाजली. हिराबाई झाकलेलं ताट घेऊन दारात. पाच पुरणपोळ्या होत्या, अजून गरम.

"चार तुमच्या, पाचवी माझी," त्या म्हणाल्या. "आज तुमच्यात जेवायला बसू का? एकटीने घास उतरत नाही हल्ली."

मी दार अर्धंच उघडून उभी होते. आत दिवासुद्धा एकाच खोलीत होता.

"आज नको. पोरं दमून आलीत," मी म्हणाले.

त्या बरं म्हणाल्या आणि ताट माझ्या हातात देऊन गेल्या. पाचवी पोळी परत घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.