बोकडाची तोंडी परीक्षा

प्रात्यक्षिक परीक्षेला येताना सोबत बोकड आणू नये, असं हॉल तिकिटावर कुठंही छापलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कळमनुरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. (आमच्या धनगरवस्तीवरून सायन्सला गेलेला पहिलाच! त्यामुळं म्हातारी माणसं मला वाटेत अडवून शेळ्यांची औषधं विचारत.) मुळात मी चुळबुळ्या. त्यात एक कोटवाले पाहुणे कॉलेजात ‘विद्यार्थी आणि वेळेचं नियोजन’ यावर व्याख्यान देऊन गेले. बाकीची पोरं डुलक्या काढत होती, मी मात्र पेटलो! पाहुणे म्हणाले होते, “एका फेरीत दोन कामं उरका.”

झालं! मी दात घासता घासता मेंढरांना पाणी पाजू लागलो. एका सकाळी खाता खाताच दाढीला बसलो, तेव्हा मायनं कपाळाला हात लावला.

“आरं, भाकरीला फेस लावून राहिला तू!”

अशात वनस्पतीशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आली. नेमका त्याच दिवशी आमचा पैदाशीचा बोकड कळमनुरीला मामाकडं पोचवायचा होता. माझे वडील, बापू, म्हणाले, “मी नेतो दुपारून.”

“दोन फेऱ्या कशाला? मी चाललोच की! मामाचं घर कॉलेजच्या वाटेवरच हाय.”

“तुजी परीक्षा हाय ना रे?” माय म्हणाली.

“म्हणून तर! नियोजन म्हणत्यात याला.”

एसटीच्या कंडक्टरनं बोकड पाहताच घंटी मारली. शेवटी एक जीप थांबली. मागं वांग्यांच्या टोपल्या, त्यांच्यात बोकड आणि बोकडाखाली मी. वाटेत त्यानं वांगी खाल्ली आणि जीपवाल्यानं मला शिव्या दिल्या. (एका फेरीत दोन कामं!) मामाच्या दारात धापा टाकत पोचलो, तर दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, “आठवडी बाजाराला गेलेत सगळे.”

आता काय? परीक्षेची वेळ झालेली. मी बोकडाला ओढत कॉलेज गाठलं आणि प्रयोगशाळेमागच्या लिंबाला बांधलं. दोर बांधता बांधता वनस्पतींची कुळं पाठ करत होतो. कुळं पक्की झाली की नाही, देव जाणे. गाठ मात्र नक्कीच झाली नव्हती.

आत टेबलांवर ओळखायच्या वनस्पती ओळीनं मांडलेल्या होत्या. जास्वंद, तुळस, मका, घेवडा... आणि दाराशी नांदेडहून आलेले परीक्षक. माझा नंबर पहिला. मी जास्वंदीपाशी उभा राहून नाव आठवतोय, तोवर मागच्या दारानं खुरांचा आवाज आला. पोरींनी किंचाळून स्टुलांवर उड्या मारल्या. बोकडानं टेबलावर पुढचे पाय टेकले आणि मला अडलेला पहिला प्रश्न गिळून टाकला!

मग तुळस. मग मका. मी शिंगं धरली, शिपायानं शेपूट धरलं. तो दोघांना ओढत घेवड्यापर्यंत गेला.

“हे काय आहे?” परीक्षक ओरडले.

“बोकड, सर.”

“ते दिसतंय! कुठला?”

मला फक्त परीक्षेतलेच प्रश्न ऐकू येत होते. मला वाटलं, ते कुळच विचारत आहेत.

“आमच्याच कुळातला, सर!”

वर्गात हशा फुटला. तेवढ्यात दारात बापू! मामा बाजाराला जाणार, हे मी निघाल्यावर मायला आठवलं होतं आणि तिनं त्यांना माझ्या मागं पिटाळलं होतं. बापूंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. सरळ बोकडाचा जबडा उघडला.

“सायेब, या पाल्यात इखारी काई होतं का?”

परीक्षकांचा चेहरा पडला. “धोतरा होता हो...”

तो बोकड म्हणजे बापूंचा जीव. करडू असताना त्याला त्यांनी घोंगडीत घेऊन वाढवलेलं. बापू मटकन स्टुलावर बसले. सगळे जण टेबलावर वाकून शोधू लागले. तर टेबल साफ, आणि अगदी शेवटी एकच फांदी शिल्लक. तिला तोंडसुद्धा लावलेलं नाही!

परीक्षकांनी सुस्कारा सोडला, ती फांदी उचलली आणि माझ्यापुढं धरली. “बाकी नमुने तुमच्या बोकडानं संपवले. एवढीच उरलीये. सांगा, कोणती?”

माझी एक नजर बापूंवर, एक घड्याळावर.

“गो... गोकर्ण, सर?”

“आरं!” बापू ताडकन उठले. “रोज दारात बघतो की रे! धोतरा हाय त्यो!”

परीक्षकांनी फांदी खाली ठेवली. “विषारी वनस्पती ओळखा, असाच प्रश्न होता. याला बरोबर आला,” असं म्हणत त्यांनी बोकडाची पाठ थोपटली. नवे नमुने आणून बाकीच्यांची परीक्षा उरकली. मला मात्र पुढच्या वेळी यायला सांगितलं, आणि तेही एकट्यानं.

मामा बाजारातून परतल्यावर बोकड त्यांच्याकडं सोडून आम्ही बापलेक घरी आलो. माय उंबऱ्यातच उभी होती.

“कशी गेली व्हो परीक्षा?”

बापूंनी पटका काढून खुंटीला अडकवला.

“आपल्या घरचे दोघं बसले व्हते,” ते म्हणाले. “एक पास झाला.”