मधल्या फळीतला शेजारी

सत्याऐंशीच्या सुमारास इंग्लंडात लेस्टरला आमच्या शेजारी मधल्या फळीतला एक फुटबॉलपटू राहायचा. गोल तो क्वचितच मारायचा. दुसऱ्यांना मारायला द्यायचा. काहीही हातात घेण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचा, अगदी चहाचा कप घेतानाही. म्हणायचा, "चेंडू यायच्या आधी मोकळं कोण उभंय ते कळायला हवं, डॉक्टर."

गुडघ्यापायी क्लबने त्याला सोडलं, त्याच आठवड्यात आमच्या बागेत मुलीचा वाढदिवस होता. तोही आला, तेव्हा मी त्याच्या हातात बटाटेवड्यांची बशी दिली. त्याने सवयीने मागे पाहिलं आणि लंगडत जाऊन ती माझ्या आईसमोर धरली. इंग्रजी येत नाही म्हणून आई एकटीच कोपऱ्यात बसली होती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आईने वडा उचलला. "अरे, याला सांग, मी रोज गुडघ्याला तेल लावून देईन."

"आई, हाडांचा डॉक्टर मी आहे!"

"मग बरा का नाही झाला?"

मी भाषांतर केलं, तेव्हा तो पोट धरून हसला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"आता पुढे काय?" मी विचारलंच.

त्याने दोन्ही खांद्यांवरून मागे पाहिलं. "मोकळी जागा आहे, डॉक्टर. भरपूर आहे."