लोद्याबाईंचं मत

पोलंडमधल्या लुब्लिनच्या जुन्या गावात आमचं तळघर आहे. होतं, असं लिहायला हवं. अजून सवय झालेली नाही.

शुक्रवारी-शनिवारी जाझ, गुरुवारी कविता, महिन्यातून एकदा परगावच्या नाटकवाल्यांचा प्रयोग. प्रवासी फोनवरचा नकाशा बघत यायचे. पायऱ्या उतरल्यावर त्यांना सगळ्यात आधी भेटायच्या लोद्याबाई.

पूर्ण नाव लेओकादिया. वय एकाहत्तर. कोट ठेवायच्या खिडकीमागे त्या एकतीस वर्षं बसल्या. आमच्याकडे कोट घालून आत जायची पद्धत नाही. एखादा परदेशी तसाच पुढे निघाला की त्या नुसता हात पुढे करायच्या. भाषा लागायची नाही. कोटाच्या कॉलरला आतून अडकवायची नाडी नसली तर मात्र बोलणी बसायची.

"एवढा मोठा बाप्या आणि कोटाला नाडी नाही. घरी खुर्चीवर फेकतोस ना?"

त्याला एक अक्षर कळायचं नाही. तो हसून आत जायचा. आत वाजवणं रंगलेलं असताना त्या सुईदोरा काढून नाडी शिवून ठेवायच्या. त्याचे पैसे घ्यायच्या नाहीत, सांगायच्याही नाहीत.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि तिथे बिअर ओतायला लागले. लोद्याबाई मला "पंडिता" म्हणायच्या. संध्याकाळी दार उघडण्याआधी आम्ही दोघी खिडकीच्या फळीवर कांदा-खसखशीची भाकरी वाटून खायचो. कोण गायक वर्षभरात जाड झाला, कोणाची बायको बदलली, हे सगळं मला त्या फळीवर कळलं.

त्या राहायच्या तळघराच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. इमारतीत खरं राहणारं ते एकच घर उरलं होतं. बाकीच्यांनी घरं विकली किंवा प्रवाशांना दिवसावर द्यायला काढली. तळघरासाठी आलेले प्रवासीच वर झोपायचे आणि गोंगाट होतो म्हणून तक्रार करायचे. आमचा मालक ग्रात्स्यान म्हणायचा, "समुद्र बघायला येतात आणि पाणी ओलं आहे म्हणून रडतात."

या फेब्रुवारीत तक्रारी हसण्यापलीकडे गेल्या. दारूचा परवाना मार्चअखेर संपत होता. नव्या परवान्याला इमारतीतल्या घरमालकांची लेखी संमती लागते. ज्याचं घर जेवढं मोठं, तेवढं त्याचं मत मोठं. निम्म्याच्या वर संमती हवी. दारूशिवाय तळघर दोन महिनेही चाललं नसतं. तिकिटांवर वादकांचं मानधनसुद्धा निघत नाही.

ग्रात्स्यान तीन आठवडे फोन करत राहिला. वॉर्सातला एक मालक हो म्हणाला, गदान्स्कची एक डॉक्टरीण नाही म्हणाली. दोघांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी बेरीज शंभरातल्या सत्तेचाळीसवर थांबली. लोद्याबाईंच्या घराचे पाच अजून बाकी होते.

ग्रात्स्यानने त्याच दुपारी पुढच्या हंगामाची भित्तिपत्रकं छापायला टाकली. मला म्हणाला, "वर जा, बाईंची सही घेऊन ये. जाताना पनीरचा केक ने, त्यांना आवडतो."

पाच वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं.

नवरा आजारी आहे एवढंच माहीत होतं. अलोयझी बस चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. त्यांचा पलंग स्वयंपाकघरात होता. पलंगाच्या पायांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे दुमडून घातले होते. अलोयझी जागे होते. माझ्याकडे पाहत होते.

खाली बासवाला त्याच्या जाड तारांवर सराव करत होता. मला तो ऐकू येत नव्हता.

"पलंगाला हात लाव," लोद्याबाई म्हणाल्या.

मी लावला. लोखंड थरथरत होतं.

"ते घुमायला लागलं की हा रडतो. आवाज न करता. मी खाली कोट घेत असते, अर्ध्या तासाने वर येऊन तोंड पुसते, परत खाली जाते."

मी विचारलं, पलंग दुसऱ्या खोलीत हलवता येणार नाही का. त्या खोलीच्या खाली पडघम वाजतात, त्या म्हणाल्या.

ग्रात्स्यानला का नाही सांगितलं, असंही मी विचारलं. सांगितलं होतं. त्याने छताला फोम लावला होता, खर्च करून. तळघरात आणखी काय करता येणार?

त्यांनी केक कापला, एक तुकडा माझ्यापुढे ठेवला, थोडा अलोयझींना भरवला, मग चष्मा लावला. कागद पूर्ण वाचला. "नाही"च्या चौकटीत खूण करून सही केली. अक्षर सुंदर होतं.

"तुमचं काम जाईल," मी म्हणाले.

"जाईल."

"लोद्याबाई, तळघर जाईल."

"मला कळतं गं, पंडिता. तुझ्याआधीपासून मी तिथे आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "तू शिकलेली आहेस. दुसरं काही सुचत असेल तर सांग. मी खोडते."

मी कागद उचलला. अलोयझींच्या ओठाच्या कडेला केकचा कण होता, तो लोद्याबाईंनी बोटाने टिपला.

खाली गेले तेव्हा ग्रात्स्यान शिडीवर चढून दिवा बदलत होता. "झाली सही?"

"झाली," मी म्हणाले.

त्याने खाली न बघताच, टेबलावरच्या फायलीत ठेव, म्हणून सांगितलं. सकाळी तो ती नगरपालिकेत नेणार होता. मी कागद ठेवला. सांगायला हवं होतं. मी ग्लास पुसत राहिले.

सहाला लोद्याबाई आल्या. केस विंचरलेले, तोच निळा स्वेटर. खिडकीपुढे रांग लागली होती, बाहेर बर्फ होता. ग्रात्स्यान रांगेतून वाट काढत आला, वाकला आणि आमच्याकडचे जुने लोक करतात तसं त्याने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

"तुम्ही आहात म्हणून हे घर उभं आहे, बाई."

लोद्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली. त्यांना कळलं.

"ग्रात्स्यान," त्या म्हणाल्या, "मी नाही म्हटलंय."

तो हसला, चेष्टा समजून. मग त्याने त्यांचा चेहरा पाहिला. त्यांचा हात त्याच्या हातातच होता.

"अलोयझीसाठी?"

"हो."

त्याने मान हलवली, दोनदा. आधी सांगायचं होतं, असं तो म्हणाला नाही. त्यांनी सांगितलंच होतं. मागे एक परदेशी जोडपं कोट काढून उभं होतं. त्यातल्या बाईने आपला कोट फळीवर ठेवला.

लोद्याबाईंनी हात सोडवून घेतला. "जरा बाजूला हो, बाळा," त्या ग्रात्स्यानला म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."