कोमट पाणी

माझा पुढचा एक दात पुन्हा मागे सरकलाय. दोन वर्षं तारा लावून सरळ केलेला दात. हसताना मी वरचा ओठ खाली ओढून घेते आणि लोकांना वाटतं, ही शिष्ट आहे. तशी मी आहेच थोडी, पण त्याला दात जबाबदार नाही.

अकरावीत तारा निघाल्या तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी रिटेनर दिला. दातांवर घट्ट बसणारी पारदर्शक टोपीच ती. जेवताना काढायची, एरवी घालायची, नाहीतर दात जुन्या जागी परततात. सोबत सूचनांचा इंग्रजी कागद होता. आईने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं आणि कागद वहीत कोंबला.

मग तिने आपल्या परीने एक काम अंगावर घेतलं. माझं ताट उचललं की स्वयंपाकघरातून विचारायची, "लावलंस का गं?" रोज, प्रत्येक जेवणानंतर. मी वैतागून "हो" म्हणायचे आणि मग लावायचे.

धुण्याचं काम मात्र माझं होतं आणि मी पक्की आळशी. नळाखाली धरला की झालं. त्या हिवाळ्यात माझा घसा सुजला, ताप आला. आईने रिटेनरची डबी उघडली, तर वास मारत होता. धाकट्या भावाच्या दुधाच्या बाटल्या ती एकेकाळी उकळायची, तसाच तिने रिटेनर उकळत्या पाण्यात सोडला. बाहेर काढला तेव्हा तो वेडावाकडा होऊन आक्रसला होता.

"गरम पाणी अजिबात चालत नाही, कोमटच हवं," डॉक्टर म्हणाले. "कागदावर लिहिलेलं ना?"

"हिने उकळला. हिला काही कळतच नाही!" मी भर दवाखान्यात ओरडले. बाकावरचे पेशंट बघायला लागले.

आई पर्स पोटाशी धरून उभी होती. डॉक्टरांना म्हणाली, "चुकलंच माझं."

कागद माझ्या वहीत होता. ते मी बोलले नाही. घरी जायला खोपटच्या एसटी स्टँडवर डोंबिवलीच्या बसची वाट बघताना तिने विचारलं, "काही खाशील?" मी मान फिरवली.

नवा रिटेनर आला, पण आईने "लावलंस का गं?" विचारणं कायमचं सोडलं. ताट उचलायची आणि सरळ घासायला घ्यायची. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं. मग एका जेवणानंतर विसरले, मग दोन दिवस, मग आठवडा. कॉलेज संपेपर्यंत तो दातांवर बसेनासा झाला. विचार ना गं आई, एवढंच म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही, आणि याचं मला दातापेक्षा कितीतरी जास्त वाईट वाटतं.

गेल्या वर्षी आईला कवळी बसवली. तिचे हात थरथरतात, म्हणून ती मीच धुते. पहिल्याच दिवशी कवळी घेऊन बेसिनकडे निघाले, तर मागून बोळक्या तोंडाने ती घाईघाईने म्हणाली, "पाणी कोमट घे हं. गरम नको, वाकडी होते. डॉक्टरांनी सांगितलेलं."

तिच्या डॉक्टरांनी तिला असं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते माझ्या डॉक्टरांनी.

मी "हो" म्हटलं आणि रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.