सीटीएफ लोडर कोण?

राहाता गावाच्या थोडं अलीकडं आमची पेरूची बाग आहे आणि बागेतच घर. माझे वडील, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, सत्तरी ओलांडल्यावर कंप्युटर शिकले. पेरूच्या किडी, छाटणी, बहार यांवर ते शेतकऱ्यांच्या एका ग्रुपसाठी मराठीत टाईप करून लिहितात. वस्तू उघडून बघायची त्यांना जुनी खोड. विहिरीवरची मोटार असो की आईचा मिक्सर, आत काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडायचं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दादांना एक फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत सांगत होता, "कंप्युटर कंपनीकडून बोलतोय. तुमच्या कंप्युटरमधून व्हायरस पसरतोय. मी सांगतो ती तीन बटणं एकदम दाबा."

दादांनी दाबली. पडद्यावर चालू असलेल्या कामांची यादी आली.

"त्यात सीटीएफ लोडर असं नाव दिसतंय का?"

दादांनी चष्मा वर सरकवून बघितलं. "हाय."

"तोच व्हायरस. आता मी एक ॲप पाठवतो, ते घ्या. मी इथून साफ करून देतो."

"पन ह्यो करतो काय?" दादांनी विचारलं.

"व्हायरस आहे, काका."

"ते कळलं. पन आत बसून करतो काय?"

तो माणूस वैतागला. संध्याकाळी पुन्हा फोन करतो, तोवर कंप्युटरला हात लावू नका, असं सांगून त्याने फोन ठेवला.

मी आधी इंटरनेट बंद केलं. हा फसवणुकीचा प्रकार असणार असं मला वाटत होतं. पण एक गोष्ट खटकत होती, आणि दादांनी नेमकं तेच विचारलं. "फसवनारा असंल. पन आपल्या मशिनीत त्या नावाची फाइल हाय हे त्याला कसं कळलं? त्याला आतलं दिसतंय का?"

मी ती यादी पुन्हा उघडली. त्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं, तर फाइल कुठे आहे ते दाखवायची सोय होती. ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टीम फोल्डरात निघाली. तिचं खरं नाव होतं सीटीएफमॉन. दादांनी स्पेलिंग एकेक अक्षर करून माझ्याकडून वाचून घेतलं.

"सरकारी हापिसात टेबल टाकून बसलाय म्हंजे सायबच असंल असं न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या मशिनीत बघू."

म्हणून आम्ही स्कूटरवरून राहात्याला गेलो. बाजारपेठेत दादांच्या जुन्या दोस्ताचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मी त्यांना लहानपणापासून चाचा म्हणते. निकाहच्या पत्रिका उर्दूत, लग्नाच्या मराठीत, दोन्ही ते स्वतः कंप्युटरवर टाईप करतात. दादांनी सगळी हकीकत सांगितली. चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि आपल्या कंप्युटरवर तीच यादी उघडली.

सीटीएफ लोडर तिथेही होता.

"आता झाली का पंचाईत?" चाचा म्हणाले. "म्हणजे माझ्यातही घुसला?"

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारलं. तिथेही तो होता, त्याच फोल्डरात. तेव्हा मला उलगडा झाला. त्या माणसाला आमच्या कंप्युटरात काहीच दिसत नव्हतं. विंडोजवर चालणाऱ्या कुठल्याही कंप्युटरात असतं असं एक नाव त्याने घेतलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात तवा आहे, हे सांगायला कुणाला घरात डोकावावं लागत नाही.

दादांना हे पटलं, पण समाधान झालं नाही. "सगळ्यांकडं हाय हे कळलं. चांगला हाय का, ते कुटं कळलं?"

चाचांनी मग एक वेबसाइट उघडली. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह सतत येत असल्यामुळे त्यांना ती माहीत होती. तिथे संशयित फाइल टाकली की व्हायरस शोधणारी बरीच सॉफ्टवेअर तिला एकाच वेळी तपासतात. त्यांनी आपल्याकडची सीटीएफमॉन टाकली. एकानेही हरकत घेतली नाही. घरी परतल्यावर इंटरनेट सुरू करून मी आमचीही टाकली. तीही साफ निघाली.

"मग करतो काय त्यो?" दादांचा प्रश्न तसाच होता.

मी वाचून सांगणार होते, पण त्यांनी तोवर यादीतल्या त्या नावावर क्लिक करून त्याचं काम बंद केलं होतं. काही झालं नाही. पंखा फिरत होता, पडदा चालू होता. दादांनी पेरूवरचं अर्धवट लिखाण उघडलं आणि रोजच्यासारखी मराठीची बटणं दाबली. मराठी येईना. इंग्रजीच उमटत राहिलं.

त्यांनी तीच बटणं पुन्हा पुन्हा दाबून बघितली. मी तोवर मोबाईलवर माहिती काढली होती. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जायचं, बटण दाबल्यावर त्या भाषेचं अक्षर उमटवायचं, या कामात त्या फाइलीचा हात असतो. कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तसा सीटीएफ लोडर यादीत हजर झाला आणि मराठीही आली.

"म्हंजे ह्यो माझंच काम करत हुता," दादा म्हणाले. त्यांनी लगेच चाचांना फोन लावला. "भाई, तुमची उर्दूबी त्यानंच चालवलीय. हात लावू नका त्याला."

संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. दादांनी स्पीकर चालू केला आणि शांतपणे सांगितलं, "तुमी म्हनला ती फाइल मी बघितली. ती काय काम करती ते मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय का?"

पलीकडून फोन कट झाला.

मला वाटलं होतं दादा हसतील. ते जरा हिरमुसले. "सांगनार हुतो त्याला," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून ती यादी पुन्हा उघडून बसले. सीटीएफ लोडरच्या खाली अजून पुष्कळ नावं होती. त्यांनी त्यांतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि मला हाक मारली.